डेटाबेसला कनेक्शन लागत नाही तेव्हा: निरोप कुठे अडला ते ओळखणं

प्रोग्रॅम काल संध्याकाळपर्यंत नीट चालत होता. आज उघडला तर पडद्यावर एरर, आणि तिच्यात ‘ओडीबीसी ड्रायव्हर’ हे शब्द. (ओडीबीसी म्हणजे प्रोग्रॅमने कुठल्याही डेटाबेसशी बोलायची एक ठरलेली पद्धत.) साहजिकच पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. तो काढला जातो, पुन्हा टाकला जातो, संगणक रीस्टार्ट होतो आणि एरर जशीच्या तशी. मग त्याहून नवा ड्रायव्हर टाकून बघितला जातो, कुणीतरी सुचवलं म्हणून फायरवॉल बंद केली जाते, आणि तासाभराने मूळ बिघाड कुठला आणि आपण त्यात घातलेली भर कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही.

एररमध्ये ड्रायव्हरचं नाव असतं, कारण डेटाबेसशी बोलणं आणि तिकडचं उत्तर प्रोग्रॅमला आणून देणं हे त्याचंच काम आहे. पत्ता चुकला म्हणून पत्र परत आलं, तर पोस्टमन बदलून उपयोग नसतो. मी बरीच वर्षं अशा तक्रारी हाताळतो आहे आणि खरोखर ड्रायव्हरची फाइलच बिघडली होती, अशी प्रकरणं त्यात मोजकीच निघाली. म्हणून एरर आली की मी आधी एकच प्रश्न विचारतो: आपला निरोप कुठपर्यंत पोचला होता?

निरोपाची वाट अशी असते. प्रोग्रॅम म्हणतो, ‘मला अमुक डेटाबेस हवा.’ विंडोजमध्ये हे म्हणणं आधी ड्रायव्हर मॅनेजर ऐकतो. तो आपल्या नोंदींमध्ये त्या नावाचा पत्ता शोधतो. या नोंदीला डीएसएन म्हणतात: कोणता ड्रायव्हर वापरायचा, सर्व्हर कुठला, डेटाबेस कुठला, एवढी माहिती तिच्यात असते. नोंद सापडली की ड्रायव्हर मेमरीत चढतो. तो सर्व्हरच्या नावावरून आयपी पत्ता काढतो, नेटवर्कवरून त्या सर्व्हरच्या ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे नंबर दिलेल्या दारावर, जातो, तिथे कुणी ऐकत असेल तर एन्क्रिप्शनची, म्हणजे बोलणं सांकेतिक करण्याची, बोलणी करतो आणि शेवटी युजरनेम-पासवर्ड पुढे करतो. एवढं सगळं पार पडलं की पहिली क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी. यातल्या कुठल्याही पायरीवर अडलं तरी प्रोग्रॅम वापरणाऱ्याला दिसतं ते एकच: ‘कनेक्ट होत नाही.’

निरोप कुठवर गेला होता हे एररचा मजकूर बहुतेक वेळा सांगून टाकतो. ओरॅकल या डेटाबेसचंच बघा. ओआरए-१२१५४ आली तर दिलेल्या नावाचा पत्ताच सापडलेला नाही. निरोप अजून तुमच्याच संगणकात आहे, सर्व्हरवाल्याला फोन करून काही होणार नाही. ओरॅकलचे असे पत्ते जिथे लिहिलेले असतात ती टीएनएसनेम्स फाइल बघा. ओआरए-१२५४१ आली तर पत्ता सापडला, त्या यंत्रापर्यंत पोचलोही, पण त्या पोर्टवर लिसनर, म्हणजे येणारं कनेक्शन ऐकणारा प्रोग्रॅम, चालू नाही. ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनर भेटला, पण तुम्ही मागितलेली सर्व्हिस त्याला माहीत नाही. आणि ओआरए-०१०१७ म्हणजे थेट दारापर्यंत गेलो, युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. चारही वेळी पडद्यासमोर बसलेल्या माणसाची तक्रार सारखीच असते, पण शोधायची जागा चार ठिकाणी आहे. यातली शेवटची एरर आलेली असताना ड्रायव्हर पुन्हा टाकणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, कारण ड्रायव्हरने आपलं काम चोख केलेलं असतं.

म्हणून पहिलं काम: एरर पूर्ण उतरवून घ्या. ‘काहीतरी कनेक्शनचं आलं होतं’ यावरून काहीच कळत नाही. ओडीबीसीच्या एररमध्ये पाच अक्षरांचा एक कोड असतो, त्याला एसक्यूएलस्टेट म्हणतात, आणि बऱ्याचदा सोबत डेटाबेसचा स्वतःचा नंबरही असतो. आयएमने सुरू होणारा कोड ड्रायव्हर मॅनेजरचा, म्हणजे निरोप घराबाहेर पडलाच नाही. ०८ने सुरू होणारा कोड कनेक्शनचा. २८००० म्हणजे सर्व्हरने ओळख नाकारली. एचवायटी०० म्हणजे वेळ संपली. लोक मेसेजचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात तेही चालतं, फक्त ‘डिटेल्स’चं बटण असेल तर ते दाबून खालचा मजकूरही घ्या. बरेचदा खरं कारण तिथे, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ओळीत असतं.

आता घरातल्या घरात अडलेले निरोप. आयएम००२ ही एरर फार भेटते. त्या नावाचा डेटा सोर्स सापडला नाही, असं तिचं म्हणणं. ज्याला एरर आली तो डीएसएन बनवायची ओडीबीसीची खिडकी उघडून दाखवतो की हा बघा डीएसएन, समोर आहे, टेस्ट केलं तर पासही होतो. तो खोटं बोलत नसतो. घोळ असा आहे की ६४ बिट विंडोजमध्ये या खिडक्या दोन आहेत, एक ३२ बिट प्रोग्रॅमसाठी आणि एक ६४ बिटसाठी, आणि दोघींच्या सिस्टिम डीएसएनच्या, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या खात्यांना दिसणाऱ्या नोंदींच्या, याद्या वेगळ्या. ३२ बिट प्रोग्रॅमला ६४ बिटच्या यादीतला सिस्टिम डीएसएन दिसत नाही. त्यात दोन्ही खिडक्यांच्या फाइलचं नाव एकच आहे, आणि फोल्डरची नावं तर सरळ दिशाभूल करणारी: ६४ बिटची खिडकी सिस्टिम३२ फोल्डरमध्ये राहते आणि ३२ बिटची सिसवाऊ६४मध्ये. जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून ही नावं तशीच ठेवली गेली. हल्लीच्या विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत ‘ओडीबीसी’ टाइप केलं की दोन्ही खिडक्या कंसातल्या ३२ आणि ६४ आकड्यांसकट दिसतात, तिथूनच उघडाव्यात.

प्रोग्रॅम ३२ आहे की ६४ हे टास्क मॅनेजरमध्ये कळतं. डिटेल्सच्या पानावर ‘प्लॅटफॉर्म’ नावाचा रकाना चालू करून घेता येतो. ऑफिसच्या बाबतीत हे नक्की तपासा, कारण विंडोज ६४ बिट असलं तरी एक्सेल ३२ बिट असू शकतं. त्या एक्सेलला ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो, विंडोज कितीही बिटचं असो. ड्रायव्हर एका जातीचा आणि प्रोग्रॅम दुसऱ्या जातीचा असेल तर आयएम०१४ येते, आणि ती एरर निदान स्पष्टपणे सांगते की दोघांचं आर्किटेक्चर जुळत नाही.

पण आयएम००२चं आणखी एक कारण आहे, आणि त्याने माझे दोन दिवस घेतले होते. एका ठिकाणी रोज रात्री आपोआप एक रिपोर्ट तयार व्हायचा. जुना संगणक बदलून नवा आणला आणि रिपोर्ट बंद पडला. सकाळी आम्ही तोच प्रोग्रॅम हाताने चालवला की चालायचा, काही तक्रार नाही. रात्री मात्र आयएम००२. आम्ही नेटवर्क तपासलं, रात्री सर्व्हर बंद होतो का ते पाहिलं, बॅकअपची वेळ आड येते का ते पाहिलं. खरं तर एररचा कोडच सांगत होता की निरोप घराबाहेर पडलेलाच नाही, पण आम्ही ‘रात्री’ या शब्दामागे लागलो होतो. शेवटी शेड्यूल केलेलं काम कोणत्या खात्याने चालतं हे पाहिलं आणि उलगडा झाला. नवा संगणक लावणाऱ्याने डीएसएन स्वतःच्या लॉगिनमध्ये, ‘युजर डीएसएन’च्या पानावर बनवला होता. युजर डीएसएन ज्याने बनवला त्यालाच दिसतो. रात्रीचं काम वेगळ्या सर्व्हिस खात्याने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांसाठी ठेवलेल्या खात्याने, चालत होतं, आणि त्या खात्याच्या दृष्टीने संगणकावर असा कुठला डीएसएन नव्हताच. तोच डीएसएन ‘सिस्टिम डीएसएन’च्या पानावर बनवला आणि त्या रात्री रिपोर्ट आला. तेव्हापासून ‘हाताने चालवलं की चालतं’ हे वाक्य ऐकलं की मी आधी खातं कोणतं ते विचारतो.

नेटवर्क ड्राइव्हचंही असंच आहे. अ‍ॅक्सेससारख्या फाइलमधल्या डेटाबेसचा पत्ता ‘झेड ड्राइव्ह’ असा दिलेला असेल, तर ते अक्षर लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं. मागे आपोआप चालणाऱ्या सर्व्हिसला झेड ड्राइव्ह दिसत नाही. तिथे सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यावा. अ‍ॅक्सेसच्या फाइलशेजारी वापर चालू असताना एक लॉक फाइल तयार होते. त्यामुळे वापरणाऱ्याला त्या फोल्डरमध्ये फाइल बनवायची आणि पुसायची परवानगी लागते. ती नसेल तर एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला ती धड वापरता येत नाही, आणि दोष पुन्हा ड्रायव्हरच्या माथी.

डीएसएन सापडला पण ड्रायव्हर चढलाच नाही, असंही होतं. आयएम००३ सोबत सिस्टिम एरर १२६ दिसली तर फाइल सापडली नाही असा अर्थ होतो. गंमत अशी की ड्रायव्हरची फाइल जागेवर असते. तिला जी दुसरी फाइल लागते ती नसते. ओरॅकलच्या ड्रायव्हरला त्याचं क्लायंट सॉफ्टवेअर लागतं, कित्येक ड्रायव्हरना व्हिज्युअल सी++ची रनटाइम, म्हणजे चालायला लागणाऱ्या जोडफाइली, लागते. लिनक्सवर हाच प्रकार जास्त चकवतो. तिथला ड्रायव्हर मॅनेजर युनिक्सओडीबीसी म्हणतो की लायब्ररी उघडता आली नाही, फाइल सापडली नाही. तुम्ही त्या जागी जाऊन बघता तर फाइल तिथेच. अशा वेळी त्या फाइलवर एलडीडी कमांड चालवा, तिला लागणाऱ्या लायब्ररींची यादी दिसते. ज्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ येईल ती बसवा, काम होतं. ड्रायव्हर पुन्हा टाकून खरंच उपयोग होतो तो इथे, या एका टप्प्यावर.

आता निरोप घराबाहेर पडला असं धरू. नेटवर्क तपासायचं म्हटलं की सगळे पिंग करतात, म्हणजे त्या यंत्राला नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का ते बघतात. पिंगला उत्तर आलं म्हणजे ते यंत्र जिवंत आहे आणि वाट आहे, इतकंच. डेटाबेसचं दार उघडं आहे की नाही याबद्दल पिंग काहीच सांगत नाही. उलट पिंगला उत्तर नाही आलं तरी डेटाबेस चालू असू शकतो, कारण अनेक ठिकाणी फायरवॉल पिंग मुद्दाम अडवते. तपासायचं ते पोर्ट. एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट १४३३, मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, ओरॅकलच्या लिसनरचं १५२१. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन नावाची कमांड आहे, तिला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट नंबर दिला की ती टीसीपी कनेक्शन जमलं की नाही ते सांगते. टेलनेट असेल तर त्यानेही भागतं.

इथे दोन प्रकारचे नकार असतात आणि त्यांतला फरक फार उपयोगाचा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच येतं, फार तर एक-दोन सेकंदांत. म्हणजे यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर बहुधा कुणी ऐकत नाही: डेटाबेसची सर्व्हिस बंद असेल, पोर्ट नंबर वेगळा असेल, किंवा सर्व्हर फक्त स्वतःपुरता ऐकत असेल. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेलं, ऐकतो, सेटिंग बदलल्याशिवाय बाहेरच्याला दार उघडत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून येण्याची वाट, बंदच असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करावं लागतं. दुसरा नकार म्हणजे टाइमआउट. पंधरा-वीस सेकंद नुसतं गोल फिरत राहतं आणि मग वेळ संपते. तिथे वाटेत कुणीतरी पाकीट गिळतंय, बहुतेक वेळा फायरवॉल, नाहीतर आयपी पत्ताच चुकीचा. एरर किती वेळाने आली हे घड्याळ लावून बघा. त्यावरून सर्व्हरवाल्याकडे जायचं की नेटवर्कवाल्याकडे, हे ठरवता येतं.

एसक्यूएल सर्व्हरच्या नेम्ड इन्स्टन्सची, म्हणजे यंत्रावर वेगळं नाव देऊन चालवलेल्या त्याच्या प्रतीची, इथे वेगळी दखल घ्यायला हवी. सर्व्हरच्या नावापुढे उलटी तिरकी रेघ आणि मग इन्स्टन्सचं नाव, असा पत्ता असेल तर ते इन्स्टन्स सहसा १४३३वर नसतं. ते पोर्ट स्वतः निवडतं, आणि रीस्टार्टनंतर ते बदलूही शकतं. ड्रायव्हर आधी यूडीपी १४३४ पोर्टवर ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ नावाच्या सर्व्हिसला विचारतो की बाबा, हे इन्स्टन्स कुठल्या पोर्टवर आहे. फायरवॉलमध्ये १४३३ उघडलं पण हे १४३४ विसरलं, की सर्व्हरवर बसून सगळं चालतं आणि दुसऱ्या संगणकावरून काही चालत नाही. इन्स्टन्सला एक पोर्ट कायमचं नेमून द्यावं आणि कनेक्शनमध्ये सर्व्हरच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन ते लिहावं, हा मला सगळ्यांत भरवशाचा उपाय वाटतो.

नावाने लागत नाही आणि आयपी पत्त्याने लागतं, तर दोष नावाचा पत्ता काढण्यात आहे: नावांचे आयपी पत्ते सांगणारी डीएनएस यंत्रणा, नाहीतर कुणीतरी कधीकाळी संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यांच्या यादीत, होस्ट्स फाइलमध्ये, घातलेली जुनी ओळ. आयपी लिहून काम उरकायचा मोह होतो, पण तो पुढे त्रास देतो. सर्व्हर हलला की कनेक्शन तुटतं, आणि सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला, नावाने दिलेलं असतं तेव्हा आयपीशी ते जुळत नाही.

सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर ‘आम्ही काही बदललं नाही, फक्त ड्रायव्हर अपडेट केला’ या तक्रारीबद्दल सांगतो. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरसाठीचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ हा २०२२मध्ये दिला. त्यात एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. १७मध्ये ते तसं नव्हतं. बऱ्याच सर्व्हरवर सर्टिफिकेट स्वतःचं स्वतःच बनवलेलं असतं, नवा ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवत नाही आणि सर्टिफिकेटची साखळी विश्वासार्ह नसल्याची एरर देतो. ड्रायव्हर बरोबर आहे. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला होय म्हणून एरर घालवता येते, पण त्याचा अर्थ समोरचा खरा सर्व्हर आहे की नाही हे आपण तपासायचं सोडून दिलं. चाचणीपुरतं ठीक आहे. कायमच्या वापरासाठी सर्व्हरवर नीट सर्टिफिकेट बसवून घ्या.

मायएसक्यूएलमध्ये गोष्ट उलटी घडते, तिथे सर्व्हर नवा आणि ड्रायव्हर जुना. आवृत्ती ८.०पासून पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली, आणि जुन्या ड्रायव्हरना ती येत नाही. त्यांची एरर ऑथेंटिकेशन प्लगइनबद्दल बोलते. पोस्टग्रेस १४मध्येही पासवर्ड साठवायची मूळ पद्धत बदलली आणि फार जुन्या लायब्ररी मागे पडल्या. अशा वेळी ड्रायव्हरच नवा घ्यावा. सर्व्हरला जुन्या, कमकुवत पद्धतीवर आणणं टाळा.

दारापर्यंत पोचून नकार मिळाला तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: सर्व्हर मुद्दाम कमी बोलतो. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर आपल्याला फक्त ‘लॉगिन फेल्ड’ म्हणते, म्हणजे चोराला अंदाज येऊ नये. खरं कारण सर्व्हरवरच्या एरर लॉगमध्ये ‘स्टेट’च्या आकड्यात असतं: ५ म्हणजे असा युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. मायएसक्यूएलमध्ये तर युजर कुठून आला हाही त्याच्या ओळखीचा भाग असतो, लोकलहोस्टवरून चालणारा तोच युजर दुसऱ्या संगणकावरून चालेलच असं नाही. आणि विंडोजच्या ओळखीने आत जात असाल आणि ‘एसएसपीआय कॉन्टेक्स्ट’ची एरर आली तर बाकी तपासण्यांसोबत संगणकाचं घड्याळही बघा. ही ओळख तपासणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीला दोन यंत्रांच्या घड्याळांत मुळात फक्त ५ मिनिटांचा फरक चालतो.

सगळ्यांत चिवट तक्रार ‘कधी चालतं, कधी नाही’ ही. एका खोलीत रोज दुपारी जेवून आल्यावर पहिलं बटण दाबलं की ०८एस०१ यायची, कनेक्शन तुटल्याची. पुन्हा दाबलं की सगळं सुरळीत. लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. कारण वाटेतल्या फायरवॉलमध्ये होतं. अर्धा तास ज्या कनेक्शनवरून काही गेलं नाही ते ती मुकाट्याने विसरून जायची, आणि दोन्ही टोकांना पत्ताच नसायचा. विंडोज आणि लिनक्स दोघंही शांत कनेक्शनची विचारपूस मुळात २ तासांनी करतात, तोवर अर्धा तास कधीच उलटलेला असतो. विचारपुशीची ही वेळ, म्हणजे कीपअलाइव्ह, आम्ही १० मिनिटांवर आणली आणि दुपारची एरर थांबली. असं काही दिसलं तर एका कागदावर चार-पाच दिवस फक्त वेळा लिहा: एरर कधी आली, आणि त्याआधी शेवटचं काम कधी झालं होतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर ओडीबीसीच्या खिडकीत ट्रेसिंगचं पान आहे. ते चालू केलं की ड्रायव्हरशी झालेलं सगळं बोलणं फाइलमध्ये उतरतं. प्रोग्रॅम त्याने खूप मंदावतो आणि फाइलमध्ये खाजगी मजकूर येऊ शकतो, म्हणून एरर एकदा आणून दाखवली की ट्रेसिंग लगेच बंद करा, आणि ती फाइल कुणाला पाठवण्याआधी स्वतः वाचा.

मदत मागताना एवढं द्या: पूर्ण एरर कोडसकट, ती किती सेकंदांनी आली, प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर किती बिटचे, ड्रायव्हरची आवृत्ती, प्रोग्रॅम कोणत्या खात्याने चालतो, पोर्टची तपासणी काय म्हणाली, आणि शेजारच्या संगणकावरून तेच काम होतं का. शेजारच्या संगणकावर होत असेल तर सर्व्हर आणि त्याचं पोर्ट बहुधा ठीक आहे. मग दोन संगणकांतला फरक शोधायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.